विश्लेषण : घरात अर्थिंग असूनही शॉक का बसतो? शहापूर-मुरबाडमध्ये ‘तिसऱ्या तारे’ची जबाबदारी कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की विजेपासून सावध राहण्याच्या सूचना दरवर्षी दिल्या जातात. ओल्या हाताने बटण दाबू नका, विजेच्या खांबाला जनावरे बांधू नका, घरातील अर्थिंग तपासून घ्या. पहिल्या दोन सूचना कोणालाही पाळता येतात. तिसरी मात्र वाटते तितकी सोपी नाही. अर्थिंग म्हणजे नेमके काय तपासायचे, ते मेन बोर्डात कुठे जोडलेले असते आणि नसेल तर ते कोणी करून द्यायचे, याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक घरांना आजवर कोणी दिलेले नाही. देशात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडील संख्या अलीकडच्या वर्षांत सातत्याने १२ हजारांच्या वर राहिली आहे. त्यामुळे हा विषय केवळ वायरमनवर सोडून चालणारा नाही.

अर्थिंगची तार नेमके काय करते?

घरात येणाऱ्या विजेच्या दोन तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. उपकरण चालायला एवढ्या दोन तारा पुरेशा असतात. तिसरी, हिरव्या रंगाची अर्थिंगची तार नसली तरी पंखा फिरतो, फ्रिज गार होतो आणि पाण्याची मोटरही चालते. म्हणूनच ती नसल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

तिची गरज उपकरण बिघडल्यावर पडते. फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मोटरच्या आतील फेजची तार खराब होऊन धातूच्या बाह्य भागाला टेकली, तर तो भाग २३० व्होल्टवर येतो. अशा वेळी ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती त्याला हात लावते तेव्हा वीज तिच्या शरीरातून जमिनीत जाते. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर शरीरातून जाणारा प्रवाह २३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचतो. सुमारे १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. अर्थिंगची तार या प्रवाहाला जमिनीत जाण्याचा सोपा मार्ग देते आणि पुरवठा बंद पाडणाऱ्या उपकरणाला काम करण्याची संधी देते. या वाक्याचा दुसरा भाग सहसा विसरला जातो, आणि शहापूर-मुरबाडमधील प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न वेगळा का?

पहिले कारण जमीन. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. कसारा, डोळखांबपासून टोकावडे, माळशेजपर्यंत अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ असून त्याखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. अर्थिंगसाठी भारतीय मानक ब्यूरोची ‘आयएस ३०४३’ ही संहिता साधारण अडीच मीटर लांबीचा पाइप जमिनीत गाडण्यास सांगते. येथे अनेकदा तेवढ्या खोलीपर्यंत पहारच जात नाही. मग हात-दीड हात खड्ड्यात लोखंडी सळई ठोकून काम आटोपले जाते.

दुसरे कारण पाणी. माती ओली असेल तरच ती वीज वाहून नेते. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण एप्रिल-मेमध्ये हीच जमीन भेगाळते आणि त्याच अर्थिंगचा रोध काही पटींनी वाढू शकतो. ‘उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा,’ हा पुस्तकी सल्ला योग्यच आहे. पण तानसा आणि भातसा धरणांतून मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. तिथे पिण्याच्या पाण्याचा हंडा अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी ओतणार नाही, आणि ओतू नये.

तिसरे कारण वीज ज्या पद्धतीने घरात आली ते. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत गरीब कुटुंबांना खांबापासून केबल, मीटर, एका दिव्याचे वायरिंग आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट देण्यात येत होता. एका एलईडी दिव्यासाठी ही व्यवस्था पुरेशी होती. पुढे त्याच बोर्डातून एक्स्टेन्शन काढून पंखा आला, टीव्ही आला, मग मिक्सर, जुना फ्रिज आणि विहिरीवरची छोटी मोटर. घरातील वीजभार वाढला, तिसरी तार मात्र आली नाही. घर पत्र्याचे असेल आणि सोललेली एखादी तार पत्र्याला टेकली, तर संपूर्ण घरच वीजवाहक होते.

मेन बोर्डात अर्थिंगची तार कशी जोडायला हवी?

खड्ड्यातून आलेली मुख्य तार मेन बोर्डात किंवा डीबीत एका पितळी अथवा तांब्याच्या पट्टीवर यायला हवी. या पट्टीला अर्थ बार किंवा अर्थ लिंक म्हणतात. घरातील प्रत्येक सर्किटची हिरवी तार याच पट्टीवर येऊन मिळते. न्यूट्रलची पट्टी वेगळी असते. या दोन्ही पट्ट्या घराच्या बोर्डात एकमेकींना जोडायच्या नसतात.

जोडणी नीटनेटकी असणे हा इथे दिखाव्याचा भाग नाही. प्रत्येक तारेला स्वतंत्र स्क्रू हवा. एका स्क्रूखाली तीन-चार तारा पिळून कोंबल्या, तर त्यांतील एक हमखास सैल राहते. बारीक तारांची वायर असेल तर टोकाला लग दाबून बसवावा, म्हणजे स्क्रूखालून तारा निसटत नाहीत. जाड जीआय तार किंवा पट्टी नट-बोल्टने आवळावी, नुसती गुंडाळू नये. वायरचे आवरण स्क्रूपर्यंतच सोलावे, उघडी तांब्याची तार बाहेर दिसू नये. बोर्डाची पेटी लोखंडी असेल तर ती आणि तिचे दार हेही त्याच पट्टीला जोडावे. तारा बोर्डाच्या कडेने वळवून आणाव्यात आणि कोणती तार कोणत्या खोलीची हे लिहून ठेवावे.

याचे कारण साधे आहे. फेज किंवा न्यूट्रलची तार सैल झाली तर दिवा लुकलुकतो, पंखा थांबतो, घरातल्यांना कळते. अर्थिंगची तार सैल झाली किंवा गंजून तुटली तर काहीच होत नाही. ते कळते थेट अपघाताच्या वेळी. त्यामुळे ही जोडणी डोळ्यांनी पाहून तपासता येईल इतकी सुटसुटीत असणे, हाच तिच्या सुरक्षिततेचा मोठा भाग आहे.

कोणत्या चुका सर्वाधिक घातक?

पहिली चूक म्हणजे न्यूट्रललाच अर्थिंग समजणे. तीन पिनच्या सॉकेटमध्ये हिरवी तार आणलेली नसेल, तर वरच्या मोठ्या छिद्राची पिन एका छोट्या तुकड्याने न्यूट्रलला जोडली जाते. टेस्टर लावून पाहिले तर सारे ठीक दिसते. पण वादळात खांबावरची किंवा बोर्डातील न्यूट्रल तार तुटली, की उपकरणातून फिरून आलेली वीज त्या तुकड्यावाटे थेट फ्रिजच्या पत्र्यावर येते. अशा वेळी उपकरणात बिघाड नसतानाही शॉक बसतो.

दुसरी चूक नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाइपला तार गुंडाळण्याची. आज बहुतेक ठिकाणी मध्ये कुठे तरी प्लास्टिकचा पाइप असतो, त्यामुळे जमिनीशी जोड होतच नाही. उलट एका घरातील बिघाडाची वीज दुसऱ्या घराच्या नळाला येण्याची भीती असते.

तिसरी चूक तपासणीची. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावायचा आणि तो पेटला की ‘अर्थिंग चांगले आहे’ म्हणायचे, ही पद्धत गावोगावी रूढ आहे. १०० वॉटच्या जुन्या बल्बला जेमतेम ०.४३ अँपिअर प्रवाह लागतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला, म्हणजे ते खराब असले, तरी बल्ब जवळपास पूर्ण तेजाने पेटतो. एलईडी बल्बला तर त्याहूनही कितीतरी कमी प्रवाह पुरतो. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजूनच कळतो.

अर्थिंग असूनही शॉक का बसतो?

येथे थोडे गणित आवश्यक आहे. गावातील बहुतेक जोडण्यांत बिघाडाची वीज घराच्या अर्थिंगमधून जमिनीत जाते आणि जमिनीतून रोहित्राच्या अर्थिंगकडे परतते. उदाहरणादाखल, घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आणि रोहित्राचा ४ ओहम धरू. एकूण २४ ओहम. २३० भागिले २४, म्हणजे सुमारे साडेनऊ अँपिअर. बोर्डातील १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह नेहमीच्या वापरासारखाच वाटतो. ती पडत नाही. दरम्यान वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर १९० व्होल्टच्या आसपास दाब टिकून राहतो. घरात एमसीबी आहे, खड्डाही आहे, तारही जोडलेली आहे आणि तरीही मशीन जीवघेणे झालेले आहे. खडकाळ जमिनीत २० ओहम हा आकडा मुळीच अशक्य नाही.

यावर उपाय आहे तो आरसीसीबीचा. बोलीभाषेत तिला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. दोघांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. या उपकरणासह घराच्या अर्थिंगचा रोध २०० ओहम असला, तरी बिघाडाच्या वेळी एक अँपिअरहून अधिक प्रवाह जमिनीत जातो. तो ३० मिलिअँपिअरच्या ३५ पटींहून अधिक आहे. म्हणजे खडकाने अडवलेल्या अर्थिंगलाही आरसीसीबी उपयोगी बनवते. अर्थिंग अजिबात नसेल तरीही, व्यक्तीच्या शरीरातून प्रवाह जाऊ लागताच ती पुरवठा तोडते. मात्र मग पहिला झटका माणसाला बसतो. अर्थिंग असेल तर कोणी हात लावण्याआधीच वीज बंद होते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी धरल्या, तर मात्र हे उपकरणही वाचवू शकत नाही.

बोर्डातील नीटनेटकेपणाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. आरसीसीबीच्या पुढे कुठेही न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेले असेल, तर ती वारंवार पडते. मग ‘हे यंत्र त्रास देते’ म्हणून ती काढून टाकली जाते किंवा बाजूने सरळ तार टाकली जाते. वास्तविक ती बोर्डातील चूक दाखवत असते.

नियम काय सांगतो?

वीज सुरक्षेचे देशभर लागू असलेले नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरवते. २०१० च्या नियमांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. ग्राहकाच्या आवारात, वीजपुरवठा जिथे सुरू होतो तिथे किंवा त्याच्या जवळ, हाताला येईल अशा जागी अर्थिंगचे टर्मिनल पुरवठादाराने बसवावे आणि त्याची देखभाल करावी, असे नियम सांगतो. त्याचा खर्च पुरवठादार ग्राहकाकडून घेऊ शकतो. टर्मिनल आणि त्याच्या तारेला इजा होऊ न देणे ही ग्राहकाची जबाबदारी. ही तरतूद नवीन नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही ती होती.

व्यवहारात मात्र ‘मीटरपर्यंत महावितरण, मीटरनंतर ग्राहक’ एवढेच सर्वांना ठाऊक असते. अर्थिंगचे टर्मिनल नेमके या सीमेवर येते आणि दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित राहते. ग्राहकाला वाटते मीटर बसवणाऱ्याने सारे करून दिले आहे. मीटर बसवणाऱ्याचे काम दोन तारा जोडल्या की संपते.

आरसीसीबीच्या सक्तीबाबतही अशीच फट आहे. २०१० च्या मूळ नियमांत ५ किलोवॅटच्या आतील, २५० व्होल्टपर्यंतच्या जोडण्यांना या उपकरणाच्या सक्तीतून वगळण्यात आले होते. पुढे ही मर्यादा खाली आणली गेली, तरी अगदी लहान घरगुती जोडण्या कक्षेबाहेरच राहिल्या. परिणामी मुरबाड किंवा शहापूरजवळच्या एखाद्या फार्म हाऊसच्या मोठ्या डीबीत आरसीसीबी असते आणि शेजारच्या कातकरी वाडीतील पत्र्याच्या घरात ती नसते. ज्या घरात जमीन ओली, भिंती कच्च्या आणि पाय अनवाणी, तेच घर सक्तीबाहेर आहे. वीजभार पाहून ठरवलेली ही सवलत धोका पाहून ठरवायला हवी होती.

वायरिंग कोणी करावे?

नवीन जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला जातो. अहवालात वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याचे नमूद होणे अपेक्षित आहे. हा कागद फक्त सहीपुरता राहिला, तर त्याचा ग्राहकाला काहीच उपयोग नाही. अर्थिंगचा मोजलेला आकडा, मोजल्याची तारीख आणि अर्थ बारवर किती तारा जोडल्या, एवढ्या तीन गोष्टी त्यावर लिहून त्याची प्रत घरमालकाला द्यायला हवी. आज बहुतेक घरांत वीजबिलांची चळत असते, अर्थिंगच्या आकड्याचा एक कागदही नसतो.

दुसरीकडे, तालुक्याच्या आयटीआयमधून वीजतंत्री आणि तारतंत्री होऊन मुले दरवर्षी बाहेर पडतात. गावातले वायरिंग मात्र अनेकदा ‘बघून बघून शिकलेला’ माणूस करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला बोलावले जाते, कारण तो हाकेच्या अंतरावर असतो आणि कमी पैसे घेतो. त्याच्या हातून चूक होऊ नये यासाठी त्याला परवाना आणि प्रशिक्षणाच्या चौकटीत आणणे अधिक शहाणपणाचे.

काय करता येईल?

काही गोष्टी घरच्या घरी पाहता येतात. मेन स्विच बंद करून, बोर्डाला हात न लावता एवढेच पाहावे : हिरवी तार बोर्डात येते का, ती जमिनीपर्यंत अखंड जाते का, खड्ड्याजवळची जोडणी गंजली आहे का. आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा तिचे ‘टेस्ट’ बटण दाबावे. ती पडली नाही तर बदलावी. बोर्ड उघडण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनचेच. फ्रिजला किंवा नळाला झिणझिण्या येत असतील तर ‘थोडासा करंट आहे’ म्हणून सोडून देऊ नये. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. शेजारच्या घरांतही तसेच होत असेल, तर बिघाड बाहेरच्या लाइनवर असू शकतो. तेव्हा महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खडक लागला तरी मार्ग बंद होत नाही. ‘आयएस ३०४३’ नुसार पाइप उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत तिरका गाडता येतो. तेही शक्य नसेल तर किमान अर्धा मीटर खोल चरात जीआय पट्टी आडवी टाकता येते, तिची लांबी किमान १५ मीटर हवी. भातखाचराच्या बाजूची किंवा मोरीचे सांडपाणी मुरते तिथली जागा निवडली, तर उन्हाळ्यात वेगळे पाणी घालावे लागत नाही.

मोठे काम मात्र यंत्रणेचे आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मिळते. वायरिंगची वेळ बांधकामाच्या शेवटी येते आणि तोवर हातात फार काही उरत नाही. पायाचे खोदकाम सुरू असतानाच अर्थिंगचा खड्डा घेतला तर त्याचा वेगळा खर्च नगण्य असतो. घरकुलाच्या तपासणीत जशी शौचालयाची नोंद होते, तशी अर्थिंग आणि आरसीसीबीचीही व्हावी. सध्या जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. प्रत्येक घराच्या मीटरपाशी कर्मचारी पोहोचण्याची अशी संधी पुन्हा लवकर येणार नाही. मीटर बदलताना तिथे अर्थिंगचे टर्मिनल आहे की नाही याची नोंद केली, तरी किती घरे उघडी आहेत हे तालुक्याला पहिल्यांदा कळेल. छतावरील सौर प्रकल्पाला अर्थिंगशिवाय मंजुरी मिळत नाही. मग साध्या वीजजोडणीला वेगळा न्याय का?

ग्रामपंचायतींनाही यात भूमिका घेता येईल. एक अर्थ टेस्टर संपूर्ण गावाला पुरतो. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी निदेशकांच्या देखरेखीखाली घरोघरी मोजणी केली, तर त्यांचाही सराव होईल. त्यासाठी १ मेच्या ग्रामसभेइतका योग्य मुहूर्त नाही. तेव्हा जमीन सर्वाधिक कोरडी असते, म्हणजे अर्थिंगचा खरा, सर्वांत वाईट आकडा त्याच दिवसांत मिळतो आणि दुरुस्तीसाठी पावसाळ्यापूर्वी महिनाभर हातात राहतो. यंदाच्या ग्रामसभेत रस्ते आणि टँकरच्या जोडीला हा एक विषय घ्यायला हवा.